शर्वरी आली की आकडा चढतो

माणूस खोटं बोलतो. त्याचं रक्त कधीच खोटं बोलत नाही.

हे वाक्य माझं आहे. एका मंगळवारी दुपारी, जेवण अंगावर आलेलं असताना मी ते लिहिलं. त्याच आठवड्यात एका मिक्सरबद्दल मी 'पिढ्यान् पिढ्यांचा सोबती' असंही लिहिलं होतं. तो मिक्सर आमच्याकडे दीड महिना चालला. यंत्रांच्या आणि औषधांच्या खोक्यात जे माहितीपत्रक असतं, जे एकदा उघडलं की पुन्हा तशी घडी पडत नाही, त्यातलं मराठी मी लिहितो. नाशिकमध्ये हे काम करणारे आम्ही दोघंच. दुसरे गृहस्थ फवारणीची औषधं बघतात.

मिक्सरचं वाक्य कुणी मनावर घेतलं नाही. रक्ताचं घेतलं. सगळ्यात आधी घेतलं माझ्या बायकोनं, जिला ते घ्यायचं काही कारण नव्हतं, कारण ती शास्त्रज्ञ होती आणि मला ओळखत होती.

डॉ. शर्वरी वाघचौरे त्र्यंबक रस्त्यावरच्या एका संशोधन संस्थेत दाहावर, म्हणजे अंगातल्या सुजेवर, काम करायची. दोन हजार एकतीस सालच्या चिकुनगुन्यात मला ताप आला, तसा तो अर्ध्या शहराला आला. ताप आठ दिवसांत गेला. गुडघे मात्र तसेच राहिले. दोन वर्षं झाली तरी जिना उतरताना मी कठड्याला धरून एकेक पायरी तिच्याशी बोलणी केल्यासारखी उतरत असे.

"विषाणू गेला ना?" मी शर्वरीला विचारलं. ती मेथी निवडत होती.

"गेला. विषाणू म्हणजे मिरवणूक समज. मिरवणूक निघाली की बंदोबस्त लागतो. त्या तुझ्या प्रतिकारपेशी. मिरवणूक पुढे जाते, पण काही लोकांच्या सांध्यांत बंदोबस्त उठतच नाही."

"का उठत नाही?"

"विषाणूचे तुकडे मागे पडलेले असतात. पताका, फुटके फुगे. पोलिसांना वाटतं, मिरवणूक इथंच कुठंतरी आहे. मग ते उभे. उन्हात, कंटाळलेले, हातात काठी. कुणी नुसतं खाकरलं तरी काठी चालते."

"कुणावर?"

"तुझ्या गुडघ्यावर. ती काडी इकडे टाक."

शर्वरीचं सगळं काम या खाकरण्यावर होतं. नेमकं कशानं काठी चालते? त्यासाठी तिच्या गटानं एक पट्टी तयार केली. दहाच्या नाण्याएवढी, दंडावर चिकटवायची, आतून केसाहून बारीक सुया. त्या सुया कातडीखालच्या पाण्यात उतरतात आणि दाहाचे निरोप नेणारी प्रथिनं दर पंधरा मिनिटांनी मोजतात. सगळ्याचा मिळून शून्य ते शंभर असा एक आकडा मोबाइलवर दिसतो. शास्त्रीय नाव होतं दाहांक. लोक त्या पट्टीला टिकली म्हणायला लागले आणि दाहांकाला नुसता आकडा.

पहिल्या चाचणीला चोवीस स्वयंसेवक हवे होते. बाहेरचं माणूस सहा महिने दंडात सुया टोचून घ्यायला कशाला तयार होईल? मग संस्थेतल्याच लोकांचे नवरे आणि बायका घेतल्या. सगळ्यांना चिकुनगुन्या होऊन गेलेला होताच. मी रुग्ण क्रमांक सात. प्राणिगृहात काम करणाऱ्या बबन खिलारेची बायको पुष्पाताई, ती क्रमांक अकरा. चोवीस माणसं घरच्या घरी मिळाली, याचं तेव्हा सगळ्यांना कौतुक वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. शर्वरी नेहमीप्रमाणे सात वाजता आली होती आणि जांभळा स्वेटर माझ्या शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर अडकवून हात धुऊन बसली होती. तिच्या कामाच्या जागी बारा महिने थंडी पाळलेली असायची, त्यामुळे भर मे महिन्यातही हा स्वेटर तिच्या अंगावर असे. मीच घेतलेला. हिवाळ्यात शहरातल्या मैदानाबाहेर तिबेटी लोक दुकानं लावतात, तिथून. विकणाऱ्या बाईनं बजावलं होतं, घरी धुवायचा नाही, आटेल. मी लेबल वाचून दुजोरा दिला होता. लेबलं हा माझा प्रांत.

"शिरीष," शर्वरी मोबाइलवर माझा आलेख बघत म्हणाली, "तुझा आकडा रोज संध्याकाळी चढतो."

"संध्याकाळी गुडघे दुखतातच."

"सात वाजता सुरू होतो. आठला साठीत. काल मला उशीर झाला तर काल नऊला चढला." तिनं आलेख बोटांनी मोठा केला. "मी आले की चढतो."

"बरं मग, तू येऊ नकोस," मी म्हणालो आणि आमटी वाढून घेतली.

हा विनोद होता. पुढे पाच वर्षं तो मला रोज एकदा तरी आठवला.

शर्वरीनं मग तपासायला घेतलं, आणि शर्वरी तपासते तेव्हा नीट तपासते. टिकलीच्या माहितीपत्रकातलं सतरावं कलम, जे मीच लिहिलं होतं, सांगत होतं की घरातील प्राणी, धूळ, परागकण यांनीही आकडा वाढू शकतो. तिनं गाद्या उन्हात टाकल्या, पडदे बदलले, कुंड्या गच्चीत नेल्या. प्राणी या रकान्यात तिनं 'नाहीत' असं लिहिलं. आमच्याकडे कुत्रा नव्हता, मांजर नव्हतं. आकडा हलला नाही.

मग ती चार दिवस परिषदेला गेली. आकडा बावीसवर आला. ती परतली आणि दोन तासांत अठ्ठावन्न. एका संध्याकाळी ती म्हणाली, "आता मी आत जाते, तू इथंच थांब." ताट, पाण्याचा तांब्या, मोबाइल, स्वेटर, सगळं उचलून ती आतल्या खोलीत जाऊन जेवली. मी बाहेर एकटा, समोर भेंडीची भाजी. पंधरा-पंधरा मिनिटांनी आकडा खाली. तिनं हे आठ वेळा केलं. अंतर वाढलं की आकडा उतरतो, अंतर घटलं की चढतो. आलेख इतका सुंदर आला, की तिच्या गटातल्या लोकांनी तो भिंतीवर लावला.

"मला तुझा राग येत नाही," मी म्हणालो.

"तुला कळत नाही."

"माझा राग मला कळणार नाही?"

"तणावानं दाह वाढतो, हे पन्नास वर्षं माहीत आहे. तू दाबत असशील. तुझ्या डोक्याला कळत नाही, पण तुझ्या रक्ताला कळतं." मग ती म्हणाली, "तूच लिहिलंयस की."

आता माझी चूक सांगतो. मी तिथं हसून ते वाक्य कुठल्या दुपारी लिहिलं ते सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी शोधायला लागलो. एकवीस वर्षांच्या संसारात राग शोधायला बसलं तर रिकाम्या हातानं उठणारा नवरा मी तरी पाहिलेला नाही. पाहुण्यांसमोर ती माझे उच्चार सुधारते. मी काही सांगत असताना तिचं बोट मोबाइलवर असतं. हे सगळं मला आधी दिसत होतं, पण त्याला नाव नव्हतं. आता त्याला आकडा मिळाला. ती दारात चप्पल काढताना मी दंडाकडे बघायला लागलो, आणि ती माझ्या तोंडाकडे.

गुडघे सुजत होते, हे खोटं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आकडा साठीत राहिला तर चार वर्षांत गुडघे बदलावे लागतील.

शर्वरीनं समुपदेशक शोधल्या. पाटकीबाईंनी आम्हाला प्रत्येकी दहा तक्रारी लिहून आणायला सांगितल्या. मी व्यवसायानं लिहिणारा, मला अडचण आली नाही. माझी पहिली तक्रार: 'तुला प्रयोगाच्या उंदरांसाठी वेळ असतो.' सहावी: 'माझे बाबा गेले तेव्हा तू चौथ्या दिवशी कामावर गेलीस.'

शर्वरीनं सहावी दोनदा वाचली.

तिची तिसरी होती: 'मी दिवसभर नेमकं काय करते, हे शिरीषनं एकदाही विचारलेलं नाही.'

"रोज विचारतो," मी पाटकीबाईंना म्हणालो. "'कसा गेला दिवस' म्हणून."

"ते वेगळं," शर्वरी म्हणाली.

"मग कसं विचारायचं?"

"कुठे जातेस, कशाला हात लावतेस, कुठल्या खोलीत किती वेळ असतेस. जसं मिक्सरचं विचारतोस कंपनीला, तसं."

पाटकीबाईंनी हे लिहून घेतलं. मी तेव्हासुद्धा विचारलं नाही. मला वाटलं, समुपदेशकांसमोर विचारलं तर ते देखावा वाटेल.

लोक भांडून वेगळे होतात. आम्ही वैद्यकीय कारणास्तव झालो. घर संस्थेचं, म्हणजे तिचं. मी आठ किलोमीटरवर इंदिरानगरला दोन खोल्या घेतल्या. सामान टेंपोत चढवताना ती शब्दकोशांची खोकी स्वतः बांधत होती.

"तुझ्या गुडघ्यांसाठी," ती म्हणाली.

"हो. गुडघ्यांसाठी."

महिन्याभरात आकडा चौदावर आला. मी जिना हात न लावता उतरायला लागलो. तिनं फोन केला.

"किती?"

"चौदा."

"छान." तिनं लिहून घेतल्याचं मला ऐकू आलं. "म्हणजे बरोबरच होतं."

"हो," मी म्हणालो. आकडा खरंच चौदा होता.

तिचा शोधनिबंध गाजला. 'निकटवर्ती व्यक्ती आणि दीर्घकालीन दाह'. चोवीस जणांपैकी तेवीस जणांचा आकडा जोडीदार कामावरून परतला की चढत होता. एकट्या क्रमांक अकराचा चढत नव्हता. निबंधात त्याचं स्पष्टीकरण दिलं होतं, अपवादात्मक सुखी सहजीवन. संस्थेत शर्वरीच्या मजल्यावर वर्षभरात आणखी दोन घरं मोडली, अगदी समजूतदारपणे.

त्यानंतर टिकली गुडघ्यांची राहिली नाही. टिकली बनवणाऱ्या कंपनीनं खोकं बदललं आणि माझं वाक्य माहितीपत्रकाच्या आतून उचलून खोक्यावर ठळक छापलं. वधूवर सूचक मंडळं पत्रिकेबरोबर दोघांना एका खोलीत तासभर बसवून आकडा मागायला लागली. सासवा-सुनांनी एकमेकींवर पुरावे गोळा केले. एका नगरसेवकानं विरोधकाशेजारी बसल्यानं आपला आकडा चढतो म्हणून सभागृहात खुर्ची बदलून मागितली आणि ती त्याला मिळाली. 'माझ्याशी बोलू नकोस' असं म्हणायचे दिवस गेले. नुसता मोबाइल पुढे करायचा. बाहेरच्या जगात हे आकडे कशाकशानं चढत होते देव जाणे. उदबत्त्या असतील, परफ्यूम असतील. विचारतो कोण? माणूस समोर असताना उदबत्तीवर संशय घेणं कुणाला जमत नाही.

इंदिरानगरला शब्दकोशांच्या खोक्यात मला तो जांभळा स्वेटर सापडला. दोन कोशांमध्ये जागा होती म्हणून घातला असावा, किंवा चुकून. मी परत केला नाही. कपाटाच्या खालच्या खणात ठेवला. कधीमधी, विशेषतः रविवारी, काढून मांडीवर घेऊन बसत असे. बावन्न वर्षांच्या माणसानं असं करू नये हे मला कळतं. तासाभरानं मोबाइल वाजायचा: आकडा छप्पन्न.

मी स्वेटरची घडी घालून परत ठेवायचो. मला वाटायचं, बघ, पोरा, तुला वाटतं तुला तिची आठवण येते. रक्त म्हणतं, राग अजून आहे.

तीनदा मी तिला फोन लावायला मोबाइल हातात घेतला होता. तिन्ही वेळा मांडीवर स्वेटर होता, आणि तिन्ही वेळा तो आकडा बघून मी मोबाइल खाली ठेवला. नंतर ती हैदराबादला गेली, मोठ्या पदावर. मग फोनचं कारणच उरलं नाही.

अडतीस सालच्या जूनमध्ये बबन खिलारे निवृत्त झाला. त्याचे अर्ज वर्षानुवर्षं मी लिहून दिलेले, त्यामुळे निरोप समारंभाचं आमंत्रण होतं. शर्वरी त्याच्यासाठी मुद्दाम हैदराबादहून आली होती. केस बरेच पांढरे. आम्ही शेजारी बसलो, कारण दोनच खुर्च्या उरल्या होत्या.

"गुडघे?"

"ठीक. तुझं काम?"

"चाललंय."

पाच वर्षांनी एवढंच. पुढे शाल, श्रीफळ, संचालकांचं भाषण. मग कुणीतरी पुष्पाताईंना बोलायला उभं केलं. बाई माइकला अजिबात बुजल्या नाहीत.

"ह्यांचं कौतुक झालं, बरं झालं. पण तीस वर्षं उंदरांत राहिलेल्या माणसाशी संसार केला तो मी. सत्कार माझा पाहिजे."

लोक हसले. खिलारे बसल्या जागेवरून म्हणाला, "झालं सुरू. घरी कमी पडतं."

"तुम्ही गप बसा. एकही दिवस ह्यांना आंघोळ केल्याशिवाय उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. मागच्या दारी बादली. कपडे तिथंच उतरायचे, तिथंच भिजवायचे. थंडीत कुडकुडायचे, शिव्या घालायचे."

"अजून घालतो," खिलारे म्हणाला.

"घाला. उंदराच्या मुताचे कपडे माझ्या घरात नाय आणायचे." त्यांनी दंडावरच्या टिकलीवर बोट ठेवलं. "रोज भांडतो आम्ही, विचारा शेजाऱ्यांना. मॅडमनी पुस्तकात लिहिलं, आमचा सुखी संसार. मी म्हटलं, लिहू द्या, त्यांना कुठं माहितीये."

सगळे पुन्हा हसले. शर्वरी हसली नाही. तिच्या हातात बटाटेवड्याची बशी होती, ती तिनं सावकाश मांडीवर ठेवली.

"शिरीष," ती समोर बघतच म्हणाली, "प्राणिगृहात मी रोज दोन तास असायचे."

"बरं."

"तिथं गार असतं. मी स्वेटर घालून जायचे. तोच घालून घरी यायचे."

मला अजून लक्षात आलं नव्हतं. मी म्हणालो, "मग?"

"तेवीसच्या तेवीस जणांचे जोडीदार प्राणिगृहात जाणारे. चोविसावा खिलारे. तो आंघोळ करायचा." तिचा आवाज वर्गात शिकवल्यासारखा झाला होता. "उंदरांच्या मुतात एक प्रथिन असतं. कपड्यांना चिकटतं. त्याची ॲलर्जी होते. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हे शिकवते. प्राणिगृहाच्या दारावर पाटी आहे. मीच लावलीय."

"पण तू तर लिहिलंस, घरात प्राणी नाहीत."

"उंदीर आमच्यात प्राणी नसतो," शर्वरी म्हणाली. "आजाराचं मॉडेल असतो."

समोर खिलारे नारळ हातात धरून फोटो काढून घेत होता.

मी तिला स्वेटरचं सांगितलं. कपाट, रविवार, छप्पन्न, सगळं. तीन फोनचंही. एवढं मी तिच्याशी सलग पूर्वी कधी बोललो नव्हतो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाहीचा एक धागा पाठव. खात्री करून घेऊ." शास्त्रज्ञ शेवटी.

मी धागा पाठवला. आठ दिवसांनी तिचा फोन आला.

"आहे. अजून भरपूर आहे."

"म्हणजे माझं रक्त—"

"तुझं रक्त बरोबर सांगत होतं. आम्ही विचारलं नाही, कुणाबद्दल सांगतंयस." मागे तिच्या केबिनमध्ये कुणीतरी आलं, ती त्यांना थांबा म्हणाली. "मी निबंध मागे घेतेय. आज पत्र गेलं. त्या दोन घरी स्वतः कळवलंय. एक जण म्हणाला, आता काय उपयोग, मला मुलगी झालीय."

"शर्वरी, मी तिकडे आलो तर?"

तिनं केबिनचं दार लावल्याचा आवाज आला.

"तुझ्या यादीतलं सहावं," ती म्हणाली. "बाबा गेले तेव्हाचं. ते तुझ्या गुडघ्यांनी लिहिलं नव्हतं."

"नाही."

"खरं होतं ते. मी गेले होते कामावर. मला घरात बसवत नव्हतं. तू लिहीपर्यंत मला माहीत नव्हतं की तुला ते इतकं लागलंय, आणि तुला माहीत नव्हतं मी का गेले. ते आता दोघांनाही माहीत आहे." मग ती म्हणाली, "ये कधीतरी. पण परत येण्यासाठी म्हणून नको येऊस. मला इथं सवय झालीय, आणि तुलाही तिथं झालीय, तू कबूल करणार नाहीस."

मी कबूल केलं नाही. "आणि ते प्रथिन?" मी विचारलं. "ते कशानं जातं? काही रसायन वगैरे?"

"पाण्यात विरघळतं. साधा साबण."

रविवारी मी बादलीत कोमट पाणी घेतलं, साबणाची वडी घासली आणि स्वेटर अर्धा तास भिजत घातला. पिळला नाही, टॉवेलवर पसरून सावलीत वाळवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मांडीवर घेऊन दोन तास बसलो. आकडा चौदा.

स्वेटर आटला नाही.